अनोळखी माणसाचा हप्ता

परवा एजंटचा फोन आला. "साहेब, गाडीचा इन्शुरन्स पुढच्या आठवड्यात संपतोय. या वर्षी थोडा वाढलाय." हे 'थोडा' दरवर्षीचं आहे. गाडी दहा वर्षांची झाली, तिची किंमत दरवर्षी उतरते आहे, मी पाच-सहा वर्षांत एकही क्लेम केलेला नाही. तरी हप्ता वर. माणूस म्हातारा झाला की त्याची भाकरी कमी होते, गाडीची मात्र वाढते की काय?

संध्याकाळी कोऱ्हाळ्यात पारावर हा विषय काढला. जानेवारीचे दिवस, त्यामुळे बोलताना मध्येमध्ये थांबावं लागत होतं. नीरा-बारामती रस्त्याने सोमेश्वर आणि माळेगावच्या कारखान्यांना ऊस चाललेला, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर. त्या गाण्यांमधून मला तीन सल्ले मिळाले. पहिला, "थर्ड पार्टी तेवढी काढ, फुल इन्शुरन्स कशाला?" दुसरा, "कंपनी बदल." तिसरा आमच्या भावकीतल्या तात्यांचा. "काढतोसच कशाला? गाडी फिरती ती नीरा ते बारामती. पोलिसानं धरलं तर दोन हजार. वर्षाला आठ-दहा हजार भरण्यापेक्षा स्वस्तच की!"

खरं सांगतो, हिशोब क्षणभर पटला. घरी आलो, कपाटातली इन्शुरन्सची फाईल काढली आणि मागच्या सगळ्या वर्षांचे कागद पलंगावर मांडून बसलो. हा हप्ता नेमका कशाचा आणि तो वाढतो कुणाच्या सांगण्यावरून, हे एकदा समजून घ्यायचं ठरवलं. कागद वाचता वाचता जुन्या कायद्यांपर्यंत गेलो. ती हकिगत मला इतकी महत्त्वाची वाटली की इथे लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा एक हप्ता नाहीच, दोन आहेत. कागदावर दोन रकाने असतात. एक 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. दुसरा 'लायबिलिटी', म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची जबाबदारी. यालाच आपण थर्ड पार्टी म्हणतो. पहिला विकत घ्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर, दुसरा कायद्याने सक्तीचा. दोन्ही एकाच पावतीत येतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो आणि एकत्रच शिव्या घालतो.

सक्ती आली कुठून? मोटारी रस्त्यावर आल्या आणि माणसं त्यांच्याखाली सापडायला लागली. नुकसानभरपाई मागायचा हक्क आपल्याकडे १८५५ च्या फेटल अॅक्सिडेंट्स कायद्यापासून होता. पण हक्क असून काय उपयोग? कोर्टाने द्यायला सांगितलं तरी ज्याच्याकडे पैसेच नाहीत तो देणार काय? ही अडचण सगळ्या जगात होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून आणि ब्रिटनने १९३१ पासून गाडीवाल्याला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, पण त्यातलं विम्याचं आठवं प्रकरण अंमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. म्हणजे ही सक्ती स्वातंत्र्यापेक्षा तेरा महिन्यांनी मोठी आहे.

त्या वेळी मालट्रकच्या विमा कंपनीची जबाबदारी २०,००० रुपयांवर थांबायची. वरचं मालकाने बघायचं. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली, त्यामुळे दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या आणि तिथली भली मोठी स्टँप फी वाचली. १९६९ च्या दुरुस्तीने ट्रकची मर्यादा ५०,००० झाली, १९८२ मध्ये दीड लाख. १९८२ मध्येच आणखी एक मोठी गोष्ट झाली. चूक कुणाची हे सिद्ध होण्याची वाट न बघता मृताच्या घरच्यांना १५,००० आणि कायमचं अपंगत्व आलेल्याला ७,५०० रुपये द्यायचे, असं कायद्यात आलं. मग १९८८ चा नवा कायदा, १ जुलै १९८९ पासून लागू. त्याने जीवितहानीच्या बाबतीत विमा कंपनीची मर्यादाच काढून टाकली. कोर्ट जेवढं ठरवेल तेवढं कंपनीने द्यायचं. १९९४ च्या दुरुस्तीने दावा लावणाऱ्याला आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात जायची मुभा दिली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हप्त्याची बाजू. १ जानेवारी १९७३ ला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. शंभरावर कंपन्या होत्या, त्यांच्या चार झाल्या: मुंबईची न्यू इंडिया (ही १९१९ साली दोराबजी टाटांनी काढलेली), कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. दर 'टॅरिफ'ने ठरलेला. कुठल्याही कंपनीत जा, भाव तोच. त्यामुळे घासाघीस हा प्रकारच नव्हता. एजंट चांगला की वाईट एवढाच फरक.

१ जुलै २००२ पासून नवं टॅरिफ आलं. त्यात देशाचे दोन भाग होते. 'ए' झोनमध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद आणि आपलं पुणे. बाकी सगळा देश 'बी'. गंमत म्हणजे झोन ठरायचा तो गाडी कुठे फिरते यावर नाही, तिचं पासिंग कुठलं यावर. हजार सीसीच्या आतल्या, पाच वर्षांच्या आतल्या कारला 'ए' झोनमध्ये किमतीच्या ३.१२७ टक्के, 'बी'मध्ये ३.०३९ टक्के. दोन लाखांच्या गाडीमागे १७६ रुपयांचा फरक. माझी गाडी पुण्याहून सेकंडहँड घेतलेली, एमएच-१२. शेजारच्याची बारामती पासिंग, एमएच-४२. दोन्ही गाड्या एकाच गोठ्याशेजारी उभ्या, एकाच रस्त्याची धूळ खाणाऱ्या, पण त्या फूटपट्टीने मोजायचं तर माझी पुणेकर! रक्कम किरकोळ आहे. पण दर ठरवणाऱ्याला आपली गाडी दिसत नाही, रकाना दिसतो, हे त्यातून कळलं.

१ जानेवारी २००७ ला टॅरिफ सुटलं. म्हणजे ओन डॅमेजचा दर ज्याचा त्याने ठरवावा, थर्ड पार्टीचा मात्र वरूनच ठरेल. इथून त्या दोन रकान्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कंपन्यांनी एकमेकींची गिऱ्हाइकं ओढायला ओन डॅमेजवर भरपूर सूट द्यायला सुरुवात केली. ही सूट कायद्याने मिळालेला हक्क नाही, दुकानदाराने दिलेली सवलत आहे. यंदा दिली, पुढच्या वर्षी कमी केली, चालतं. गाडीची किंमत दहा टक्क्यांनी उतरली आणि सूट त्याहून जास्त उतरली, तर हप्ता वाढणारच. माझ्या कोड्याचं निम्मं उत्तर हे होतं.

उरलेलं थर्ड पार्टीत. या दराला हात लावणं कुणालाच सोपं नव्हतं. दर वाढवायचं म्हटलं की मालवाहतूकदार विरोधात जातात. अगदी जुलै २०१८ मध्ये आठवडाभर चक्का जाम झाला त्यातही हा मुद्दा होता. इकडे कोर्टाने ठरवलेली भरपाई वर्षागणिक वाढत गेली, तिकडे दर मागेच राहिला. मग कंपन्या ट्रकचा थर्ड पार्टी विमा द्यायलाच कां-कूं करू लागल्या. म्हणून एप्रिल २००७ पासून सगळ्यांच्या व्यापारी गाड्यांचा थर्ड पार्टी विमा एका सामाईक 'पूल'मध्ये टाकला. त्या पुलाचं इतकं दिवाळं वाजलं की मार्च २०११ मध्ये नियामकाने १०० रुपये हप्त्यामागे १५३ रुपयांची तरतूद ठेवायला सांगितलं. ३१ मार्च २०१२ ला तो बंदच झाला. तुंबलेलं धरणाचं पाणी सोडावं तसे मग दर सुटले. माझ्या गाडीच्या गटाचे, म्हणजे १००० ते १५०० सीसीच्या खाजगी कारचे आकडे बघा:

२००७ मध्ये ८००. २०१३ मध्ये १,११०. २०१४ मध्ये १,३३२. २०१५ मध्ये १,५९८. २०१६ मध्ये २,२३७. २०१७ मध्ये २,८६३. २०१९ मध्ये ३,२२१. आणि १ जून २०२२ पासून ३,४१६.

पंधरा वर्षांत सव्वाचार पट. पण त्यातली खरी चढण २०१३ ते २०१७ या चार वर्षांतली आहे, तिथे अडीच पटीहून जास्त वाढ झाली. त्यावर कर. १ जुलै १९९४ ला देशात सेवा कर पहिल्यांदा लागला तो फक्त तीन गोष्टींवर, टेलिफोन, शेअर दलाल आणि सर्वसाधारण विमा. तेव्हा ५ टक्के. वाढत वाढत १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो १८ टक्के झाला. ३,४१६ चे भरताना ४,०३१ होतात.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे तात्यांचंच बरोबर. वरून ठरवणार, वाढवत जाणार, आणि आपण भरत बसायचं. मलाही तसंच वाटलं असतं, पण आमच्याच भावकीत काही वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली होती. नावं घेत नाही.

असाच हंगाम. रात्री आठच्या सुमाराला एक मुलगा मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्याच्या कडेने बीडकडचा एक ऊसतोड मजूर कोपीकडे चालला होता, हातात दुकानातून आणलेलं तेल-मीठ. समोरून ट्रॅक्टरचा प्रकाश डोळ्यांवर आला आणि मुलाला तो दिसलाच नाही. मजूर दवाखान्यात नेईपर्यंत गेला. बत्तीस-तेहतीसचा असेल. मागे बायको, दोन पोरं, आणि त्याच्या कमाईवर असलेली म्हातारी आई. मोटारसायकलचा विमा नव्हता. मुद्दाम बुडवलेला नव्हता, काढायचा राहिला होता.

मुकादमाने चार लोक बसवून मिटवायचा प्रयत्न केला, पण त्या बाईच्या भावाने दावा लावला आणि तो लावला बीडला. १९९४ च्या दुरुस्तीने दिलेली मुभा ती हीच. माझ्या भावकीतली माणसं तारखेला बीडला जायची आणि वैतागून यायची. "अपघात इथं आन् कोर्ट तिथं, हा कुठला न्याय?" तेव्हा मीही मान डोलावली होती. आता वाटतं, पोटासाठी दोनशे किलोमीटर आलेल्या माणसाच्या विधवेने दर तारखेला बारामतीला यायचं, हा तरी कुठला न्याय झाला असता?

भरपाई कशी काढतात तेही मी तेव्हा वकिलाकडून समजून घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत पद्धत घालून दिली आहे. समजा महिन्याची कमाई १०,००० रुपये. वर्षाची १,२०,०००. वय चाळिशीच्या आत आणि पक्की नोकरी नाही, तर पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे. झाले १,६८,०००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव हिस्सा वजा. राहिले १,२६,०००. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक १६. गुणाकार २०,१६,०००. शिवाय अंत्यविधी वगैरेंची ठरलेली रक्कम आणि दाव्याच्या तारखेपासूनचं व्याज.

वीस लाख सोळा हजार. १९८२ च्या पंधरा हजारांशेजारी हा आकडा ठेवा, म्हणजे थर्ड पार्टीचा हप्ता का वाढला ते कळेल. विमा कंपन्या काही धर्मादाय नाहीत, त्यांचा नफा-तोटा त्या बघतातच. पण या वाढीचा एक मोठा भाग असा आहे की रस्त्यावरच्या साध्या माणसाच्या जिवाची किंमत कोर्टात वाढली. ती वाढावी असंच आपण म्हणू, फक्त त्याचा हप्ता आपल्याला आला की कुरकुर करतो.

भावकीतल्या त्या घराने कालव्याखालचं पाऊण एकर बागायत रान विकलं, वर सोसायटीचं कर्ज काढलं. त्या मोटारसायकलच्या गटाचा, ७५ ते १५० सीसीचा, थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने ७१४ रुपये आहे. करासह ८४३.

हे सगळं आठवत फाईल चाळत होतो आणि तळाशी आमच्या स्वतःच्या मोटारसायकलचा कागद सापडला. २०१८ च्या दिवाळीत घेतलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची आणि नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. लोक नूतनीकरण करत नाहीत म्हणूनच तो आदेश. आम्ही शोरूममध्ये भरून मोकळे झालो. पाच वर्षं कुणाचा फोन नाही, आठवण नाही. कागदावर मुदत वाचली: २०२३ ची दिवाळी. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ धाकटा भाऊ त्या गाडीवरून रोज पहाटे दुधाला आणि रात्री मोटार चालू करायला रानात जातोय, विमा नसताना. त्याच रस्त्याने, त्याच कोप्यांवरून.

कारच्या हप्त्यावर पारावर तावातावाने बोलणारा मी. आणि घरात ही परिस्थिती. तात्यांना नावं ठेवायला जागा राहिली नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्या विनाविमा आहेत असं म्हणतात तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी बेफिकीर माणूस येतो. त्यात आमचा गोठाही होता.

मोटारसायकलची थर्ड पार्टी त्याच रात्री काढली, मोबाईलवरून, दहा मिनिटांत. मग कारचं नूतनीकरण दोन दिवस घेऊन नीट केलं. काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

थर्ड पार्टीच्या रकान्यावर घासाघीस करून उपयोग नाही, तो सगळीकडे सारखा. भांडायचं ते ओन डॅमेजवर. आधी गाडीची धरलेली किंमत बघितली. ती खूप कमी धरून हप्ता स्वस्त दाखवतात आणि गाडी चोरीला गेली की तेवढीच मिळते. मग 'नो क्लेम बोनस'. क्लेम न केल्यास तो २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर जाऊन थांबतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, कंपनी बदलली तरी आपल्याबरोबर येतो. मात्र मुदत संपून ९० दिवस गेले की बुडतो. आणि किरकोळ क्लेमला भुलू नये. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० आहे आणि आपण ५० टक्के सवलतीवर आहोत. बंपरसाठी क्लेम केला की सवलत शून्य. पुन्हा पन्नासवर चढेपर्यंत पाच वर्षांत, मूळ हप्ता तोच धरला तर, ४,००० अधिक २,४०० अधिक २,००० अधिक १,२०० अधिक ४००, असे १०,००० रुपये जादा जातात. चार हजारांच्या बंपरसाठी हा सौदा कोण करेल?

मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचे पैसेही कागदात होते. तो माझ्याकडे आधीच वेगळा आहे आणि तसा असेल तर गाडीबरोबर पुन्हा घ्यावा लागत नाही. एजंटला सांगितल्यावर निघाला. रस्त्यात मदत वगैरे जादा गोष्टी काढल्या, नीऱ्यापासून बारामतीपर्यंत मदतीला ओळखीचेच गॅरेजवाले आहेत. पहिले काही हजार मी सोसेन असं लिहून दिल्यावर आणखी थोडी सूट मिळाली. दुसऱ्या एका कंपनीचा भाव दाखवल्यावर आमच्या एजंटनेही थोडं उतरवलं. सगळं मिळून हप्ता मागच्या वर्षीपेक्षा जरा खालीच आला.

पारावर हे सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "म्हंजे शेवटी भरलेसच की पैसे!" म्हटलं, "हो तात्या, भरले. तुमच्या गाडीचा कागद बघू जरा?" तात्या हसले आणि विषय उसाच्या पहिल्या उचलीवर गेला.

असो. रात्री धाकटा भाऊ मोटार चालू करायला निघाला तेव्हा मोटारसायकलचा नवा कागद त्याच्या मोबाईलवर पाठवून दिला. हेडलाइटही बदलायला सांगितलाय. विमा असला तरी कोपीकडे चाललेला माणूस दिसायला हवा.